पान एक्केचाळीस

रंगुबाईचं बोट पान एक्केचाळीसवर थांबलं. ते वाक्य तिचंच होतं.

पोट फुगलेल्या शेळीला बसू देऊ नये, चालती ठेवावी. भाषा तेवढी शुद्ध केली होती. तिनं मागची-पुढची पानं उलटली. दूध आटलेल्या शेळीचं, आई मेलेल्या करडाचं, सगळं तिनंच सांगितलेलं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र कल्याण सरांचा फोटो आणि त्यांचं एकट्याचं नाव. आत कुठंही रंगुबाई नव्हती. तिनं दोनदा शोधलं.

काष्टीजवळच्या वस्तीवर चाळीस वर्षं शेळ्या सांभाळलेली ही बाई शाळेत कधी गेली नव्हती. तीन वर्षांपूर्वी सुनेनं, धनश्रीनं, तिला मोबाईलवरच्या शेळीपालकांच्या ग्रुपमध्ये घातलं. चार-पाच जिल्ह्यांतली तीनशे माणसं. कुणी लसीचं सांगे, कुणी चाऱ्याचं. रंगुबाई ऐकून शिकायची आणि आपल्याला ठाऊक असलेलं बोलून पाठवायची. ग्रुप चालवणारे संगमनेरचे कल्याण सर एकदा म्हणाले, “मावशी, तुम्ही आम्हाला शेळ्या शिकवा. मी तुम्हाला अक्षरं शिकवतो.”

दर बुधवारी दुपारी सरांचा व्हिडिओ कॉल यायचा. रंगुबाई काना-मात्रा गिरवायची. एकसष्टाव्या वर्षी तिनं पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं, त्याचा व्हिडिओ सरांनी ग्रुपवर टाकला. तीनशे माणसांनी टाळ्या पाठवल्या. त्यानंतर बुधवार चुकू लागले. सरांना कामं असतील, ती म्हणायची. तिनं मात्र सोडलं नाही. पेंडेच्या गोण्या, एसटीच्या पाट्या, लग्नपत्रिका, जे हाती येईल ते वाचत राहिली. “सख्ख्या भावानं केलं नसतं ते सरांनी केलं,” असं गावभर सांगायची.

पुस्तक पाठवलं होतं पुणतांब्याच्या गोरक्षनाथनं. तोही ग्रुपमधलाच. कृषी प्रदर्शनात त्याला ते दिसलं. “तुमी सांगता तसंच लिव्हलंय बघा,” एवढंच तो फोनवर म्हणाला होता.

रंगुबाईनं पुन्हा पान एक्केचाळीस काढलं. ते शेवटपर्यंत वाचलं. मग सरांना फोन लावला.

“सर, तुमचं पुस्तक मिळालं.”

सर घाईघाईनं म्हणाले, “सांगणारच होतो मावशी. हे ग्रुपचं ज्ञान आहे, आपल्या सगळ्यांचं.”

“मग नाव एकट्याचंच कसं?”

“पुढच्या आवृत्तीत तुमचं नाव पहिलं घालतो.”

“नावाचं ऱ्हाऊ द्या. एक्केचाळीस पानावर चुकलंय. शेळीचं तोंड वर धरून तेल पाजावं, असं लिव्हलंय तुमी. मी सांगितलं हुतं, लई वर धरू नका. तेल फुफ्फुसात गेलं तर शेळी जागीच मरंल. आदी ते नीट करा.”

बोलता बोलता तिचा राग निम्मा उतरला. माणूस चुकतो. अक्षर देणाऱ्या माणसाला एवढं माफ करायला हरकत नव्हती.

“करतो, नक्की करतो,” सर म्हणाले. मग जरा घुटमळले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “पण मावशी, खरं सांगा... हे तुम्हाला वाचून कुणी दाखवलं?”