छतावरचा मळा

"हे डिझाइन माझं नाहीच," सर म्हणाले. "हिचं आहे. रेष न् रेष हिची."

हॉटेलच्या जेवणघरात घोटाभर चिखल होता. काल भर दुपारी, चार दिवसांच्या झडीनंतर, छतावरचा टोमॅटोचा वाफा मातीपाण्यासकट खाली आला होता. एका वेटरचा खांदा मोडला. बाकीचे थोडक्यात वाचले. तपासणीला आलेले इंजिनिअर वही उघडून उभे होते. मालकीणबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. आणि जिला सरांनी तीन वर्षांत पहिल्यांदा फोन करून बोलावून घेतलं होतं, ती छताच्या भगदाडाकडे बघत होती.

रेष न् रेष तिचीच होती. सरांच्या आर्किटेक्ट ऑफिसात असताना तिनं आठ महिने याच्यावर डोळे फोडले होते. जाड मातीच्या भिंती, म्हणजे भर उन्हाळ्यातही पंखा पुरे. स्वयंपाकघराचं सांडपाणी गाळून वर जाणार, वर भाजी पिकणार, तीच खाली ताटात येणार. नकाशे पसंत पडले, त्याच आठवड्यात सरांनी तिला घरी बसवलं. कागदांवरून तिचं नाव गेलं. पुढे पुरस्कार घेताना सर म्हणाले, "हे मला आईच्या परसातल्या वाफ्यांवरून सुचलं." परस तिच्या आईचं होतं. सरांनी आईसुद्धा सोडली नव्हती.

ते पुरस्काराचं भाषण ऐकल्यावर तिनं घरी सगळी आकडेमोड पुन्हा केली, आणि चूक सापडली. तिचीच. झड लागली तर वाफ्यांतलं पाणी वेळेत निघणार नव्हतं आणि ओल्या मातीचं ओझं स्लॅबला पेलणार नव्हतं. तिनं सरांना सांगायला फोन उचलला. मग खाली ठेवला. त्यानंतर प्रत्येक पावसाळ्यात ती वाट बघत राहिली.

"बाई, हे खरं आहे का?" इंजिनिअरनी विचारलं. "नकाशे तुमचे?"

हाच प्रश्न कुणीतरी चारचौघांत विचारावा म्हणून ती तीन वर्षं जळली होती. तिनं सरांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"नाही हो," ती शांतपणे म्हणाली. "मी तिथे साधी नोकर होते. हे सगळं सरांचंच."

कागदांवरही सरांचंच नाव होतं. इंजिनिअरनी वहीत त्यांचं नाव लिहिलं, खाली सही घेतली. सर मान खाली घालून चिखलातून बाहेर पडले. तिला वाटलं होतं त्याहून जास्त बरं वाटलं.

ती निघाली तशा मालकीणबाई उठल्या.

"मला वाटलं होतं, तू हो म्हणशील," त्या म्हणाल्या. "काल छत पडल्याबरोबर हे सर हात झटकून मोकळे झाले, तेव्हाच ओळखलं, हे हॉटेल यांच्या डोक्यातून आलेलं नाही. चूक काय, कुणाचीही होते. ज्याच्या मनातलं आहे, त्याच्याच हातून पुन्हा बांधून घेणार होते मी."

मालकीणबाईंनी वर, लोंबणाऱ्या मुळांकडे पाहिलं.

"असो. उद्या सगळं उतरवते. पत्रे टाकून घेते."