सोपा अर्ज

अंजनाची स्कूटी वाडीच्या वेशीत शिरली तेव्हा समोरून विमलबाई आल्या, डोक्यावर पाण्याने भरलेला हंडा घेऊन. हा काही योगायोग नव्हता. विमलबाई तासभर बाभळीखाली उभ्या होत्या आणि स्कूटीचा आवाज ऐकल्यावरच चालू लागल्या होत्या. चांगल्या कामाला आलेल्या माणसासमोर भरलाच हंडा यायला हवा.

शिरूर कासारच्या पलीकडची ही वाडी. निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली. मागे राहिलेल्या बायकांची शेळीपालनाची सहकारी संस्था होती आणि तिला विहीर खोल करून हवी होती. यंदा विहिरीला फाल्गुनातच तळ दिसला होता. पाणी दोन कोसांवरच्या बोअरवरून आणावं लागत होतं. बीडच्या एका मदत निधीकडे त्यांनी याआधी दोनदा अर्ज केला होता. चाळीस पानांचा अर्ज, वर सतरा कागद. दोन्ही वेळा पहिल्याच पायरीवर गाडी अडली. यंदा निधीने ठरवलं, पहिली पायरी सोपी करायची. कागद नकोत, ठराव नकोत. आमचं माणूस येईल, एक फोटो काढेल, तीन प्रश्न विचारेल. झाला अर्ज.

संस्थेच्या अध्यक्ष चंद्रभागाबाईंनी अंगण सारवून घेतलं होतं. भिंतीशी अकरा हंडे ओळीने मांडलेले, चिंचेने घासलेले, काठोकाठ भरलेले. शेळ्या लांब कुंपणाला बांधल्या होत्या आणि सारख्या ओरडत होत्या.

"बसा बाई. आंदी पाणी घ्या."

अंजना याच जिल्ह्यातल्या दिंद्रुडची, शेतकऱ्याचीच लेक. नोकरीला लागून तिला महिना झाला होता. पाणी पिऊन तिने मोबाइल काढला. "मावशी, आधी फोटो. तो ऑफिसात गेला की मगच प्रश्न उघडतात."

बायका हंड्यांच्या मागे उभ्या राहिल्या. "हंडे बी येऊ द्या बरं का," विमलबाई म्हणाल्या. अंजना हसून दोन पावलं मागे सरकली. फोटो गेला. पहिला प्रश्न उघडला आणि तिने तो मोठ्याने वाचला.

"घरातली पाण्याची भांडी: भरलेली की रिकामी?"

वाचून झाल्यावर तिची नजर हंड्यांकडे गेली. एवढ्या दुष्काळात इतकं पाणी, हे तिला आत्ता कुठे खटकलं.

"मावशी, हे पाणी कधीचं?"

"तीन दिस झाले साठवतोय," चंद्रभागाबाईंच्या आवाजात थोडं कौतुक होतं. "एकेक खेप जादा करतोय समद्या. लेकरांच्या आंघोळी बंद. शेरडांना बी अर्धंच पाजलं."

"पण कावून?"

चंद्रभागाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. दिंद्रुडच्या पोरीने हे विचारावं? "तुमी येणार म्हणून. पाव्हण्याला रिकामा हंडा कोण दाखवतं बाई?"

अंजनाच्या आईनेही हेच केलं असतं. तिने स्क्रीन खाली सरकवली, पुन्हा वर सरकवली. उत्तराला दोनच गोल होते, 'भरलेली' आणि 'रिकामी'. काही लिहायला जागाच नव्हती.

"रिकामी म्हणून दाबा की," विमलबाई म्हणाल्या. "खरं तेच हाय."

"फोटो गेलाय, मावशी. उत्तर त्याच्याशी जुळलं नाही तर वाडीचं नावच कटतं."

"जुन्या अर्जाला शेवटी एक कोरं पान होतं," विमलबाई म्हणाल्या. "दोन्ही बाजूनं लिवलं होतं म्या. कुणी वाचलं का न्हाई ते ठाऊक न्हाई. पर लिवाया जागा तर होती."

अंजनाने 'भरलेली'वर बोट ठेवलं. पुढचे दोन प्रश्न उघडलेच नाहीत. स्क्रीनवर एक ओळ आली, ती तिने वाचून दाखवली. "मदतीची निकड दिसून येत नाही. धन्यवाद."

"म्हंजी हिरीचं न्हाई व्हायचं?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"यंदा नाही, मावशी."

"आन् पुढल्या साली?"

"पुढल्या वर्षी अर्ज अजून सोपा करणार आहेत," अंजना म्हणाली आणि बोलता बोलताच तिला स्वतःची लाज वाटली.

तिला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. चंद्रभागाबाई उठल्या आणि शेळ्यांची दावी सोडायला लागल्या. "ऊन व्हायच्या आत निघा," पाठमोऱ्याच म्हणाल्या, "वाट लांबची हाय."

अंजनाने स्कूटी चालू केली. मागे शेळ्या हंड्यांवर तुटून पडल्याचा आवाज आला, एक हंडा कलंडल्याचाही. तिने वळून पाहिलं नाही.

वेशीजवळ समोरून विमलबाई येत होत्या. घरांच्या मागच्या पायवाटेने त्या आधीच पुढे जाऊन बाभळीखाली उभ्या राहिल्या होत्या. डोक्यावर हंडा, मघासारखाच भरलेला. सुटलेली दोन शेरडं त्या पाण्यासाठी ओरडत त्यांच्या पायात येत होती. विमलबाईंनी त्यांना पायाने बाजूला केलं आणि अंजनाची स्कूटी पुढे निघून जाईपर्यंत त्या सरळ चालत राहिल्या. हंड्यातला एक थेंबही सांडला नाही.