हिरवी अक्षरे

सकाळचे ऊन आधी दुकानाच्या काचेवर रेंगाळले, मग नळाच्या तोट्यांनी भरलेल्या खोक्यांवरून पायरी पायरीने उतरत पंचवीस वर्षांच्या संगणकाच्या फुगीर पडद्यावर येऊन थांबले. त्या उजेडात पडद्यावरची हिरवी अक्षरे फिकट दिसत होती.

दुकानाचा नवा प्रोग्राम मी मुद्दाम याच यंत्रासाठी लिहिला होता, बटणेही बाबांच्या सवयीचीच ठेवली होती.

"एवढा शिकलास आणि या खटाऱ्यापायी जीव आटवतोस?" ताई म्हणायची. "अरे, बाबा आता पहिल्यासारखे राहिले नाहीत."

"त्यांच्या बोटांना सगळं आठवतं, ताई. बोटांना आठवतं म्हणजे त्यांनाही आठवतं."

आज बाबा पहिल्यांदाच नव्या प्रोग्रामवर बसले. कुठेही न अडखळता त्यांनी मागणी नोंदवली, शिलकीतून माल वजा केला, बिल छापले. मी ताईकडे पाहिले. माझे म्हणणे खरे ठरले होते.

ताईने डोळे टिपले. "बाबा, हे सगळं तुमच्या मुलानं केलंय हो."

बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी पडद्यावरची धूळ तळहाताने पुसली आणि माझ्याकडे वळून अदबीने समोरचे स्टूल दाखवले.

"हुशारच आहे तो. बसा ना, येईलच एवढ्यात. तुमची ओळख करून देतो."



मी बसलो. बाबा मला ओळखत नाहीत.