धारला जायची गाडी

तिलकची आई फुलवंता सकाळी सहापासून गाडीत बसून होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत एक लुगडं, ओटीचा नारळ आणि गुडघ्याच्या गोळ्या. तिची तयारी संपली होती. तिलकची तीन वर्षं झाली तरी चालूच होती. आत्ताही तो टपावर चढून तंबूचा पट्टा आवळत होता. एवढा पट्टा आवळला की निघू, असं त्याने तिसऱ्यांदा सांगितलं.

मामला साधा होता. घर पोवारांचं, आणि पोवारांची कुलदेवी मालव्यात, धारला. आईला एकदा तिचं दर्शन घ्यायचं होतं, आणि आपणच तिला नेणार, हे तिलक चार माणसांत बोलून बसला होता. त्यासाठी त्याने पिकअप घेतली, इथवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मग तो व्हिडिओ पाहू लागला.

व्हिडिओतल्या शहाण्यांनी त्याला पटवलं की कंपनीतून येते ती गाडी नव्हेच, तो नुसता सांगाडा. चिखलात रुतलो तर? म्हणून पुढे गाडी ओढून काढणारा विंच लावला. नदीला पूर आला तर? म्हणून इंजिनाला हवा पुरवणारी स्नॉर्कलची नळी थेट टपापर्यंत नेली. आता घरच्या सडक अर्जुनीपासून धारपर्यंत डांबरी रस्ता, आणि वाटेतल्या प्रत्येक नदीवर सरकारने पूल बांधून ठेवलेला. पण पूल असला म्हणून काय झालं, गाडीने तयारीत राहू नये? विंचच्या वजनाने गाडीचं तोंड खाली गेलं, म्हणून सस्पेन्शन बदललं. त्याने गाडी उंच झाली, आईचा पाय पोचेना, म्हणून पायरी ठोकली. फ्रिज आला. फ्रिजसाठी दुसरी बॅटरी आली आणि बॅटरीसाठी सोलर. टपावर झोपायचा तंबू बसला, त्यात चढायला सात पायऱ्यांची शिडी. जिच्या गुडघ्यांची एवढी काळजी, तिनेच ती शिडी चढायची होती. तिलकने त्यावरही उपाय शोधला. शिडीला कठडा लावला.

गेल्या हिवाळ्यात चोरखमाऱ्याच्या तलावाकाठी एकदा चाचणी झाली. तंबू उघडायला पावणेदोन तास लागले. उघडल्यावर कळलं की चहापत्ती घरीच राहिली. सगळे जेवायला घरी परतले. यातून तिलकने एकच धडा घेतला, तो म्हणजे सामान अजून कमी आहे.

याच तिलकचे पूर्वज मालव्यातून निघाले, तेव्हा बैलगाडीत भांडीकुंडी, बियाणं आणि पोरंबाळं कोंबून थेट वैनगंगेच्या खोऱ्यात उतरले होते. त्यांना व्हिडिओ पाहायची सोय नव्हती, म्हणून पोचले.

पण तिलकला आईविषयी माया नव्हती, असं कुणी म्हणू नये. वाटेत तिला खरचटूसुद्धा नये, एवढ्यासाठीच तर त्याचा जीव वरखाली होत होता. दर वर्षी तिची चाल थोडी मंदावत होती. गाडी तयार व्हायच्या आधी आईच थकली तर, हा विचार त्याला सोडत नसे. मग तो आणखी एक वस्तू मागवायचा.

साडेनऊला गाडी हलली. बायको नीतू दारात हात हलवत उभी राहिली. गल्लीतली माणसं जरा जास्तच हसत होती. तिलकने ते कौतुकात जमा केलं.

हायवेला लागताच समोरचा दहा इंची पडदा काळा पडला. नकाशा त्यातच, मागचा कॅमेरा त्यातच, टायरमधली हवासुद्धा त्यातच दिसायची. तिलकने गाडी ढाब्याशेजारी घेतली आणि नागपूरच्या गॅरेजवाल्याला फोन लावला. गॅरेजवाल्याने गाडी ठेवून जायला सांगितलं, चार दिवसांत करून देतो म्हणाला. तिलकला आईकडे पाहवेना. खाली मान घालूनच त्याने सांगितलं की आता परत फिरू, पुढच्या आठवड्यात नक्की निघू.

"कायले?" आई म्हणाली. "नागपूरवरून बैतूल धर. तिथून चिचोली, मंग हरदा. नेमावरले नर्मदा लागते, तिथं आंघोळ करू. इंदूरच्या बाहेरूनच निघ, अंदर शिरू नको. लय गर्दी राहते."

शेतावर जायची वाट सांगावी, तसं तिने सांगितलं. तुला कसं माहीत, असं त्याने विचारलं, तेव्हा तिने काहीच लपवलं नाही.

विंच बसवायला तो आठ दिवस नागपूरला होता, तेव्हाची गोष्ट. भाजीबाजाराला जाणाऱ्या मुन्नालालने आपल्या पिकअपमधले क्रेट उतरवले, खाली भाताचं तणस पसरलं, वर ताडपत्री बांधली. फुलवंता धरून सात बाया, एक शेगडी, थोडे तांदूळ. कधी पेट्रोल पंपाच्या आवारात झोपल्या, कधी देवळात. धारचं दर्शन घेऊन पाचव्या दिवशी घरी. सस्पेन्शनच्या वेळी पुन्हा गेल्या. त्या खेपेला नीतूही होती. तिलकला फोनवर सांगितलं होतं की तिरोड्याला मावशीकडे आहोत. गावातल्या पोरासोरांनाही हे ठाऊक होतं, पण तिलकच्या मनाला लागेल म्हणून सगळ्यांनी तोंडाला कुलूप घातलं होतं.

तिलकला आधी राग आला. मग लाज वाटली, आणि ती रागापेक्षा जास्त वेळ टिकली. शेवटी कसाबसा तो म्हणाला, "मंग आज सकाळपासून गाडीत काऊन बसून राहिली, माय?"

फुलवंताने पिशवी मांडीवर नीट घेतली.

"माहं दर्शन झालं दोनदा. तुहंच राहिलं. म्हटलं, पोराले एकदा नेऊन आणावं."