माणसाची चाल

हयातीचा दाखला खिशात घालून उकिडवे काठी टेकत सरकारी कचेरीच्या पायऱ्या उतरू लागले, तेव्हा दिवस मावळला होता. आवारातला एकही दिवा लागला नाही. पक्षाघातापासून त्यांचा डावा पाय फरफटत येई. तिसऱ्या पायरीवर तोल गेला तसा पहारेकरी धावत आला, आणि त्याच्या पावलांबरोबर डोक्यावरचे दिवे लख्ख पेटले.

"आजोबा, मी पुढे चालतो, तुम्ही माझ्यामागून या," तो म्हणाला. "हे दिवे माणसाची चाल ओळखूनच लागतात. कुत्र्यागुरांसाठी सरकारी वीज जळायला नको ना! फरफटत चालणाऱ्याला ते जनावरात धरतात. नोव्हेंबरात पेन्शनवाले आले की मला दुसरं कामच नसतं. कुणा दीडशहाण्यानं हा नियम केला, देव जाणे."

उकिडव्यांना आपल्या वीजखात्यातली ती बैठक आठवली. "साहेब, म्हाताऱ्यांचं काय?" असं एका कारकुनानं भीत भीत विचारलं होतं. "अपवाद करत बसलो तर बचत कसली?" असं म्हणून त्यांनीच नियमाच्या मसुद्यावर सही ठोकली होती.

फाटकापाशी पहारेकऱ्यानं सहज विचारलं, "तुम्ही कुठल्या खात्यात होता?"

"पाटबंधारे," उकिडवे म्हणाले.