पहिली बांगडी

"रडू नकोस गं बाळे, तो बघतोय," शेवंता कासारीण कुजबुजली आणि तिनं मंजिरीच्या तोंडापुढं आपला पदर धरला.

पण नवरीचे डोळे भरलेच. लग्नाच्या चुड्याची पहिली हिरवी बांगडी आईनं चढवायची, अशी या दुकानाची रीत. मंजिरीची आई गेल्या माघात वारली होती.

भिंतीवरचा कॅमेरा बोलला, "ग्राहकाला त्रास होत आहे. मदत पाठवली आहे."

शेवंतानं कपाळाला हात लावला. गिऱ्हाइकाच्या अंगाला हात लागतो अशा प्रत्येक दुकानात नगरपालिकेनं हा कॅमेरा सक्तीचा केला होता. आणखी एक तक्रार नोंदली गेली, की तिच्या दुकानाला टाळंच लागणार होतं.

"मावशी, माझ्यामुळं तुमचं..."

"गप. आईसाठी नाही रडायचं, तर कुणासाठी? रड तू."

हवालदार शाहीन मुलाणी धापा टाकत आली. "कुणी दुखवलं गं तुला?"

"कुणीच नाही. पहिली बांगडी घालायला आई नाही."

टोपी काढून शाहीन मंजिरीजवळ बसली आणि तिनं शेवंताच्या हातून बांगडी घेतली. "माझ्या हातनं वाढवली, तर ओरडू नका हं मावशी."

"तू घाल गं. आणि पोरी, हात सैल सोड."

बांगडी अलगद मनगटावर उतरली, तशी मंजिरी शाहीनच्या खांद्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडू लागली. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकला.

"ग्राहकाला त्रास होत आहे. मदत पोहोचली का?"

"पोहोचली," तिच्या पाठीवरून हात फिरवत शाहीन म्हणाली. "तक्रार नाही, असं लिही."