नेलपॉलिशचा ठिपका

बायको शमसुन्निसा नागपूरच्या दवाखान्यात वारल्याचा फोन आला, तेव्हा कय्यूमभाई अहेरीत एका लग्नाच्या मांडवावर भोंगे बांधत होता.

तिच्या चाळिसाव्या दिवसाची फातिहा झाल्यावर मुलगा रईस एक कॅसेट घेऊन घरी आला. अमेरिकेतल्या पोरांचं भरभर बोलत म्हटलेलं गाणं होतं.

"अब्बा, बोलण्याकडे नाई, मागच्या ड्रमकडे ध्यान द्या."

कय्यूमभाई चमकला. हा ड्रम तर घरचाच होता! भंगारातून आणलेल्या गठ्ठ्यात एक जुनी अमेरिकन रेकॉर्ड होती, फंक म्हणतात तसली. शमसुन्निसाला त्यातला नुसत्या ड्रमचा तुकडाच आवडायचा. तो जिथं सुरू होतो तिथं तिनं नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. तुकडा संपला की सुई उचलून पुन्हा ठिपक्यावर.

"घासून टाकशील रेकॉर्ड! गाणं पुरं वाजू दे की," तो ओरडायचा. शेवटी एकदा त्यानं रेकॉर्ड पेटीत टाकून कुलूपच लावलं.

"तिकडचे नावाजलेले पोरं असंच करतात, अब्बा," रईस म्हणाला. "खूण करतात, तोच तुकडा परत परत वाजवतात अन् त्यावर बोलतात."

कय्यूमभाईनं पेटी उघडली, रेकॉर्ड लावली, सुई ठिपक्यावर ठेवली. तुकडा संपत आला की तो सुई मागे घ्यायचा. सहाव्यांदा रईस म्हणाला, "आता पुढचं वाजू द्या न."

"तुझ्या अम्मीचं झालं नाई अजून."

त्या रेकॉर्डवरचं गाणं त्या घरात अजून कुणी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही.